थ्रॉटल सेन्सर आणि मल्टिमीटर: ४.७ किलो-ओहम आले म्हणजे सेन्सर पास झाला असं नाही

प्रश्न कऱ्हाडहून आलाय, थोडक्यात असा: बीएस-सिक्सची दीडशे सीसीची एफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मोटरसायकल, ३४ हजार किलोमीटर झालेली. तिसऱ्या गिअरमध्ये ३०-३५ च्या वेगाला रेसची मूठ एकसारखी धरली तरी झटके मारते. चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर कधीकधी बंद पडते. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि आपला आपण विझतो. गॅरेजवाल्याचं म्हणणं, थ्रॉटल पोझिशन सेन्सर (मूठ किती उघडलीय हे इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, सांगणारा) गेलाय आणि तो सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी बदला. यांनी घरी सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढून मल्टिमीटर लावला, ४.७ किलो-ओहम आले. आता सेन्सर चांगला समजायचा की वाईट?

दादा, तुम्ही जे मोजलंत त्यावरून दोन्हीही म्हणता येत नाही. बहुतेक तुम्ही बाहेरच्या दोन पिनांमध्ये मोजलंय. ती त्या कार्बनच्या पट्टीची पूर्ण लांबी झाली. पट्टीवरून सरकणारा जो ब्रश असतो, खरी झीज त्याच्या वाटेवर होते, आणि बाहेरच्या दोन पिनांमध्ये तो ब्रश येतच नाही. ब्रश मोडून आत पडला असता तरी तुमच्या मीटरने ४.७ च दाखवले असते.

आधी आत काय आहे ते दोन वाक्यांत. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला हवा जाते त्या नळीत, मुठीबरोबर उघडणारी एक पाकळी असते; तिच्या दांडीला हा सेन्सर जोडलेला असतो. तीन वायरी: एकीवर ईसीयूकडून ५ व्होल्ट येतात, एक ईसीयूकडे परत जाणारी अर्थ, आणि तिसरी सिग्नल. पाकळी जसजशी उघडते तसतसा ब्रश पट्टीवर पुढे सरकतो आणि सिग्नलचे व्होल्ट वाढत जातात. बहुतेक गाड्यांत मूठ बंद असताना साधारण ०.५ ते ०.८ च्या आसपास, पूर्ण उघडल्यावर चारच्या आगेमागे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण धरा. पण खरं सांगू का, टोकाचे दोन आकडे बरोबर आले म्हणून मी आजवर एकही सेन्सर पास केलेला नाही. बघायचं असतं ते मधलं.

घराचा उंबरठा सगळीकडे सारखा झिजत नाही, जिथे पाय पडतात तिथेच खोलगट होतो. तसंच हे. आपण गाडी चालवतो तो बहुतेक वेळ मूठ अष्टमांश ते पाव उघडी असते. म्हणजे ३४ हजार किलोमीटर ब्रश पट्टीच्या त्याच इवल्याशा जागेवर घासलाय, वर इंजिनची थरथर आहेच. तिथे कार्बन उडाला की ब्रश त्या जागी आला रे आला की सिग्नल क्षणभर कोसळतो. ईसीयूला वाटतं, स्वाराने मूठ सोडली. तो पेट्रोल कमी करतो किंवा तोडतो. पुढच्या क्षणी सिग्नल परत येतो, त्याला वाटतं एकदम रेस दिली, तो जास्तीचं पेट्रोल मारतो. तुम्हाला बसतो तो हा झटका. तुमची तक्रार ३०-३५ च्या वेगाला, एकसारख्या मुठीवर आहे, त्यामुळे संशय सेन्सरवर जातो हे बरोबरच आहे. तुमचा गॅरेजवाला हवेत बोलत नाहीये. फक्त त्याने मोजून सांगितलेलं नाही.

मोजायचं ते कपलर जोडलेला असताना, चावी ऑन, इंजिन बंद. ओहममध्ये नाही, व्होल्टमध्ये.

मीटर साधा पिवळा ८३० वाला असला तरी चालेल. नॉब डीसी २० व्होल्टवर. लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना, हे दोनदा बघा. १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे एक सरळ वायरचा तुकडा होतो, आणि ५ व्होल्टची लाईन थेट अर्थला लागते. मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी नवी घाला. ती उतरली की स्वस्तातले मीटर चढे आकडे दाखवतात आणि माणूस भलत्याच दिशेला धावतो. गाडीची बॅटरीही चार्ज असू दे.

कपलर जोडलेला असताना पिनेपर्यंत पोचायचं कसं? मागून. कपलरच्या पाठीला जिथून वायरी आत जातात, तिथे रबराच्या सीलला लागून शिवणकामाची बारीक, लांब टाचणी हलकेच सरकवायची, आतल्या पिनेला टेकली की थांबायचं. मीटरची वायर त्या टाचणीला मगरचिमट्याने. दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका. वायरीचं प्लास्टिक टोचून मोजायची सवय अनेकांना असते, ती मला मुळीच पटत नाही. माझं गॅरेज चिपळूणला. इथल्या पावसात त्या टाचणीएवढ्या भोकातून पाणी शिरतं आणि न घासलेल्या पितळेच्या भांड्याला चढावा तसा आतल्या तांब्याला हिरवा कळंक चढतो. सहा महिन्यांनी वायर बाहेरून नवी, आतून भुगा.

आणि मीटरची जाड पिन कपलरच्या मादी बाजूला समोरून खुपसू नका. हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या गाडीला मी असंच मोजलं, सेन्सर चांगला निघाला, गाडी दिली. आठवड्यात परत आली, आता पूर्वीपेक्षा जास्त मिसिंग. माझ्याच मीटरच्या पिनेने आतली पत्र्याची पकड फाकवली होती. दोष नव्हता तिथे मी तयार केला.

आता क्रम. सिग्नल सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा ५ व्होल्टची वायर. काळी वायर सेन्सरच्या अर्थ पिनेवर, लाल ५ व्होल्टच्या पिनेवर. ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान काहीही आलं तर ठीक. ४.५ किंवा त्याखाली आलं तर सेन्सरला दोष देऊ नका, त्याला पोटभर मिळतच नाहीये. हेच ५ व्होल्ट बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सरला (इंजिनकडे जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि आणखी एखाद्याला जातात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट ओढले जातात. मग एकेक कपलर काढत जायचं. कोणाचा काढल्यावर ५ परत आले, तो चोर.

दुसरी अर्थ, आणि इथे नव्वद टक्के लोक फसतात, मीसुद्धा फसलोय. सेन्सरची अर्थ चासीला जात नाही, ती ईसीयूमार्गे जाते. ती कुठेतरी अर्धवट तुटलेली किंवा कळकलेली असेल तर काय होतं बघा. समजा सेन्सरच्या अर्थ पिनेवर शून्याऐवजी ०.३ व्होल्ट साठलेत. तुम्ही काळी वायर त्याच पिनेवर ठेवून सिग्नल मोजलात तर ०.६ दिसेल, म्हणजे झकास. पण ईसीयू मोजतो स्वतःच्या अर्थपासून, त्याला तोच सिग्नल ०.९ दिसतो. तो समजतो मूठ थोडी उघडी आहे, आणि मूठ सोडल्यावर इंजिन स्लोवर चालू ठेवायचं जे काम त्याने करायचं ते करतच नाही. चौकात थांबल्यावर गाडी बंद पडण्याचं हे एक कारण. म्हणून काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा, लाल सेन्सरच्या अर्थ पिनेवर, चावी ऑन. ०.०५ व्होल्टपर्यंत चालतं. ०.१ च्या वर गेलं तर वायर शोधायला लागा. आणि पुढचं सगळं मोजमाप काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरच ठेवून करा, म्हणजे ईसीयूला जे दिसतं त्याच्या जवळपासचं तुम्हाला दिसेल.

आता सिग्नल. लाल वायर सिग्नलच्या पिनेवर. मूठ बंद, आकडा लिहा. मग मूठ इतकी हळू उघडा की बंद ते पूर्ण व्हायला अर्धं मिनिट लागलं पाहिजे. एकट्याने होत नाही, कोणाला तरी मुठीवर बसवा. आकडा चढताच राहिला पाहिजे, कुठेही मागे यायला नको, उडी मारायला नको. पाव मुठीपर्यंतचा भाग पुढे-मागे, पुढे-मागे, आठ-दहा वेळा करा. मागच्या पावसाळ्यातल्या एका गाडीचे आकडे सांगतो: ०.६४, ०.७८, ०.९१, १.०३, मग एकदम ०.३८, लगेच १.१९, आणि तिथून ४.१ पर्यंत गुळगुळीत. बंदचा आकडा बरोबर, पूर्ण उघड्याचाही बरोबर, आणि सेन्सर मेलेला.

एक अडचण आहे. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. सिग्नल त्याच्या दोन बघण्यांच्या मध्ये कोसळून परत आला तर मीटरला पत्ताही लागत नाही. म्हणून इतकं हळू. तुमच्या मीटरला किमान-कमाल धरून ठेवायचं बटण असेल तर ते वापरा. आणि घरात आजोबांच्या वेळचा काट्याचा मीटर असेल तर तो फेकू नका, या कामाला मला अजून तोच आवडतो. काटा थरथरला की डोळ्याला लगेच कळतं, आकडे वाचत बसावं लागत नाही.

मग मूठ दहा वेळा उघडून सोडून द्या आणि दर वेळी बंदचा आकडा बघा. ०.६४, ०.६५, ०.६४ असं आलं पाहिजे. कधी ०.६४ कधी ०.७५ येत असेल तर दोष बहुधा पाकळीचा, केबलचा नाहीतर स्प्रिंगचा. पाकळीच्या कडेला काजळी बसली की ती पूर्ण मिटत नाही. केबलला मुठीपाशी दोन ते सहा मिलिमीटर ढील असावी. हँडल टोकापर्यंत डावी-उजवीकडे वळवून बघा, आकडा हलला तर केबल ओढली जातेय. यात सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

तुमचा ओहमचा प्रयोग वाया गेला असं नाही, तो पुढे न्या. चावी बंद, कपलर काढलेला. चावी ऑन असताना किंवा कपलर जोडलेला असताना ओहम मोजायचे नाहीत, आकडा खोटा येतो. मीटरचा रेंज आपोआप बदलणारा असेल तर तो २० किलोवर पक्का करा, नाहीतर रेंज बदलण्याच्या गडबडीत नेमका दोष लपतो. वायरिंगचा नकाशा नसेल तरी पिना ओळखता येतात: ज्या जोडीत मूठ फिरवून आकडा हलत नाही त्या दोन पट्टीच्या टोकांच्या, उरलेली ब्रशची. ब्रशची पिन मधलीच असते असं धरून चालू नका.

आता ब्रश ते एक टोक आणि ब्रश ते दुसरं टोक असे दोन आकडे घ्या आणि त्यांची बेरीज करा. बेरीज तुमच्या ४.७ पेक्षा जास्त आली तर घाबरू नका, ब्रशच्या वाटेत बऱ्याचदा मुद्दाम एक रेझिस्टर घातलेला असतो, तो दोनदा मोजला जातो. समजा मूठ बंद असताना १.६ आणि ५.१ आले, बेरीज ६.७. अर्ध्यावर ३.४ आणि ३.३, पुन्हा ६.७. ही बेरीज पूर्ण प्रवासात तेवढीच राहिली पाहिजे. पाव मुठीच्या अलीकडे कुठेतरी ३.१ आणि ५.८ आले, म्हणजे बेरीज ८.९ झाली, तर त्या जागी ब्रश नीट टेकत नाहीये. एक फुलस्केप कागद आणि पेन्सिल घेऊन बसलात तर झीज कुठे सुरू झालीय हे व्होल्टमध्ये दिसायच्या आधी इथे दिसतं. मूठ एका जागी धरून ठेवायला मी हँडलला रबराचा पट्टा गुंडाळतो, ट्यूब कापून केलेला.

हे सगळं पट्टी-ब्रशच्या सेन्सरला लागू. काही नव्या गाड्यांत चुंबकावर चालणारा, आत काहीही न घासणारा सेन्सर असतो. त्याला ओहम लावून काहीच कळत नाही, त्याचे फक्त व्होल्ट बघायचे. छोट्या गाड्यांत टीपीएस (म्हणजे हाच थ्रॉटल पोझिशन सेन्सर), मॅप आणि हवेच्या तापमानाचा असे तिन्ही एकाच डबीत आणि पाच वायरी असंही असतं. तिथे कुठली पिन कसली हे मॅन्युअलमधून बघितल्याशिवाय टाचणी लावू नका. आणि केबलच नसलेल्या, राइड-बाय-वायर गाडीत मुठीला एक आणि पाकळीला एक असे वेगळे सेन्सर, प्रत्येकात दोन-दोन सिग्नल. ते एकमेकांशी जुळतात का हे ईसीयू सतत बघतो. ते काम स्कॅनरवाल्याकडे, म्हणजे ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र असलेल्याकडे, द्या.

दिवा लागून विझतो म्हणालात. विझला तरी बिघाडाचा कोड ईसीयूच्या आठवणीत राहतो. होंडात दिव्याचे आठ लुकलुकाट म्हणजे टीपीएस, यामाहात १५ किंवा १६, सुझुकीत सी१४. स्कॅनर लावला तर पी०१२२ किंवा पी०१२३ दिसेल, आणि या दोघांतला फरक तुमचे दोन तास वाचवतो. पहिला म्हणजे सिग्नल फार खाली: ५ व्होल्टची वायर तुटली असेल किंवा सिग्नल अर्थला लागत असेल. दुसरा म्हणजे सिग्नल फार वर: अर्थ तुटली असेल किंवा सिग्नल ५ व्होल्टला चिकटत असेल. दोन्हींत सेन्सर बाहेरच्या वायरीइतकाच संशयित, जास्त नाही.

वायरींबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझ्याकडे 'टीपीएस गेला' म्हणून येणाऱ्या गाड्यांत खरा गेलेला सेन्सर निम्म्याहून कमी वेळा निघतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्या पुरात बुडालेल्या गाड्या आम्ही धुतल्या, ऑइल बदललं, चालू केल्या. त्यातल्या कितीतरी दिवाळीनंतर एकेक करत परत आल्या. गाळ कपलरच्या आत वाळून बसलेला, त्याखाली पिना हिरव्या. झटके, बंद पडणं, दिवा, सगळं अगदी तुमच्या गाडीसारखं. एका गाडीला मालकाने दुसरीकडे दोनदा सेन्सर बदलून घेतला होता. आम्ही कपलरमधली एक पिन बदलली. पूर यायलाच पाहिजे असं काही नाही, वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप सीटखाली धरला की तेवढंच काम होतं.

म्हणून मीटर सिग्नलवर लावलेला असताना, मूठ न हलवता, थ्रॉटल बॉडीजवळची वायर बोटाने हलवा, वाकवा, कपलर हलका दाबा आणि ओढा. आकडा उडाला तर सेन्सर सुटला, वायर पकडली गेली. इंजिनच्या थरथरीने वायर प्लास्टिकच्या आत तुटते, बाहेरून अखंड दिसते. पकड तपासायला भंगार वायरिंगमधली त्याच मापाची नर पिन घ्या आणि एकेका घरात घालून काढून बघा. एखादी पिन काहीच अडकाव न करता सळकन बाहेर आली तर ती फाकलेली आहे.

थंड असताना सगळं ठीक आणि तापल्यावर मिसिंग, असं असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने सेन्सर हाताला चटका बसेल इतका गरम करा आणि पुन्हा तीच हळू चढण मोजा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करूनही बघा. सेन्सरच्या आत स्प्रे मारू नका. पाकळी साफ करतानाही कार्ब क्लीनर दांडीच्या टोकाशी भरमसाट मारला तर तो दांडीवरून सेन्सरमध्ये उतरतो. क्लीनर फडक्यावर घ्या, फडक्याने पुसा. कपलरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

सेन्सर खरोखरच गेलेला निघाला तर त्याचे स्क्रू सोडायच्या आधी बॉडीवर आणि सेन्सरवर मिळून एक खूण ओरखडा. त्याचं भोक लांबट असेल तर एका मिलिमीटरने बंदचा आकडा बिघडतो. पाकळीच्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका, त्यावर कंपनीचा रंग असतो तो उगीच नसतो. नवीन बसवल्यावर काही गाड्यांत ईसीयूला बंदची जागा पुन्हा शिकवावी लागते, काहींत चावी ऑन केली की तो आपला आपण धरतो. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो गॅरेजवाल्याकडून मागून घ्या. जो तो देत नाही, त्याच्याकडून थ्रॉटल बॉडी घेऊ नये असं माझं मत.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर आज संध्याकाळी हे करा: ५ व्होल्ट, अर्थवरचे व्होल्ट, बंदचा सिग्नल, आणि बंद ते पाव मुठीची हळू चढण, थंड आणि गरम दोन्ही. चढणीत आकडा खाली पडला आणि वायर हलवून काही होत नसेल तर सेन्सर बदला, गॅरेजवाला बरोबर होता. चढण गुळगुळीत असेल तर कपलर साफ करून, पिना बघून, कट्ट आवाज येईपर्यंत बसवा आणि कोड पुसा. मग सपाट रस्त्यावर नाही, कुंभार्ली घाटात न्या, तुम्हालाही जवळच आहे. हेळवाकहून चिपळूणकडे उतरा आणि परत चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाव मुठीवर तशीच धरून ठेवा. पट्टीची तीच झिजकी जागा तिथे पंधरा-वीस मिनिटं घासली जाते, दोष शिल्लक असेल तर माथ्यावर पोचायच्या आत तुम्हाला कळेल.